पेटी मिटण्याआधी

वेंगुर्ल्याच्या बंदररस्त्याला बस्त्याव सोजची पडवी.
सुक्या बांगड्याच्या रिकाम्या गोणपाटावर
तीन कॅमशाफ्ट,
दीड वीत लांब, तेल पुसलेले.
लांबून पाहिलं तर तिन्ही एकच.

पहिला तिचा स्वतःचा.
रेडीच्या खाणीतल्या साहेबाने गाडी विकली
तेव्हा लाल धूळ वर फुकट दिली,
ती इतकी वर्षं तेलातून फिरत राहिली.
बस्त्यावने मायक्रोमीटर लावला, चष्मा कपाळावर सरकवला
आणि माझं बोट धरून तिसऱ्या उंचवट्यावर टेकवलं.
नाक गेलेलं.
गुळगुळीत, चोखून संपत आलेल्या खडीसाखरेसारखं.
हिच्यात एका उंचवट्यावर समोरासमोरचे दोघे जगतात,
म्हणजे चारांतले दोघे अर्ध्या श्वासावर होते.
चढाला ती लंगडायची.
मला वाटायचं, स्वभाव आहे.

दुसरा मी मागवलेला, कोइंबतूरहून पार्सलने,
पोष्टातून निवृत्त झाले त्याच महिन्यात, कुणाला न विचारता.
उंच नाकाचा, रुंद खांद्यांचा.
झडपा जास्त उघडणार, जास्त वेळ उघड्या राहणार.

तिसरा बस्त्यावच्या ट्रंकेतला, कंपनीच्या मापाचा,
पिवळ्या मेणकागदात.
कुणासाठी आणला होता ते त्याला आठवत नाही,
किंवा सांगायचं नाही.

"बाय, तुका जावचा खंय?"

मी म्हटलं, गाडीलाच विचार.
तो हसला नाही. कानस खाली ठेवून वाट पाहत राहिला.
मग मी मोजू लागले:
बाजार.
शिरोड्याला भावजयीकडे.
महिन्यातून एकदा आंबोली चढून बेळगाव,
डोळ्यांच्या डॉक्टरकडे,
दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या पाठीमागे.

तो उठला. घराचं पुढचं दार उघडलं, मागचंही.
परसातल्या चुलीचा धूर
माजघर ओलांडून आमच्या अंगावर आला.
"हो तुझो ओव्हरलॅप.
एक दार धापूच्या आदी दुसरा उघडता."
वारा जोराचा असेल तर घर झाडून निघतं.
वारा पडला की धूर आतच फिरतो.
तिठ्यावर म्हैस आडवी आली की ती थरथरत उभी राहणार,
आणि पळणार ती फक्त वरच्या फेऱ्यांत.

वरच्या फेऱ्या.
वेंगुर्ल्यात मी त्या कुठे नेऊ?
दाभोलीच्या माळावर, एखाद्या रविवारी पहाटे,
फार तर चार मिनिटं.

त्या चार मिनिटांनी माझे दोन दिवस खाल्ले.
ही काही वायपर बदलण्याची गोष्ट नव्हे,
कॅम बसतो पेटीच्या पोटात.
दोन अर्धी एकदा जुळली, नट कसले,
की पुन्हा विचार करायचा तर सगळी गाडी पुन्हा उसवायची.

तिसऱ्या दिवशी मी मेणकागदातला उचलला.
शहाणपण आलं म्हणून नाही.
तो कागद उलगडताना जो आवाज झाला
तो दुसऱ्याच्या प्लास्टिकला नव्हता, एवढंच.

रोझलिनने बॅटरी धरली.
क्रँकच्या दातांवर दोन ठिपके, कॅमच्या दातावर एक,
एकाने दोघांच्या मध्ये बसायचं.
बसला.
बस्त्यावने ओठ न हलवता काहीतरी म्हटलं
आणि पेटी मिटली.

पहिली वीस मिनिटं हिला संथ सोडायचं नाही,
कोवळी नाकं तेवढ्यात झिजतात.
वीस मिनिटं अख्खा बंदररस्ता कानांवर हात ठेवून.
मग त्याने पाय काढला.
पंख्याच्या कवचावर रुपयाचं नाणं उभं केलं,
ते राहिलं, राहिलं,
आणि घरंगळत गाडीखाली गेलं.

आम्ही तिघं वाकून शोधत होतो.
वर ती चालली होती, चारही श्वास सारखे.
कोइंबतूरचा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेला होता;
विकू का, असं त्याने विचारलं नाही.

घरी येताना उभादांड्याच्या चढाला
मी सवयीने पुढे झुकले,
तिला हात द्यायला.
गरज नव्हती.
माडांमधून कुणीतरी अनोळखी बाई
माझी गाडी चालवत असल्यासारखी मी वर पोचले.